दार लागल्यावर

मॅडम : काकू, आधी स्टुलावरून खाली उतरा. कॅमेऱ्यासाठी आखलेल्या जागी घड्याळ कोणी टांगलं?

काकू : मीच. पोरांना काटे बघायला आवडतात.

मॅडम : नियम बदललेत. पाळणाघराचा परवाना हवा तर कॅमेरा हवा. आयांना मोबाइलवर सगळं दिसायला हवं.

काकू : आवाजासकट?

मॅडम : आवाजासकट.

काकू : मग नकोच.

मॅडम : लपवण्यासारखं काय आहे इथे?

काकू : रडणं! आई गेली की पोर चपलांपाशी बसून भोकाड पसरतं. मी नुसती शेजारी बसते, मोज्यांच्या जोड्या लावत. मग ते माझ्या बाहीला नाक पुसतं आणि उठतं. संध्याकाळी आई विचारते, रडला का हो? मी म्हणते, छे, तुझी पाठ वळली आणि लागला खेळायला.

मॅडम : म्हणजे खोटं बोलता.

काकू : धडधडीत. पूर्वी टेलिफोन जोडून देणाऱ्या मुली पोरं ठेवून जायच्या. त्यांच्या कानात हे रडणं असतं, तर गावात एक फोन लागला नसता.

मॅडम : काही ठिकाणी मुलांना मारतात, काकू. बांधून ठेवतात. उगाच नाही आला नियम.

काकू : ते खरंच. म्हणून माझ्या दाराची कडी बाहेरून निघते. पोरांचा हात पोचत नाही, आयांचा पोचतो. केव्हाही यावं, न सांगता. तुम्ही आत आलात ते मला कळलं तरी का?

मॅडम : तेवढ्यानं भागत नाही. मला 'नापास' लिहावं लागेल.

काकू : लिहा. मी वर अर्ज करीन. सुनावणीला सगळ्या आया आणीन, पोरांसकट. आया बाहेर थांबतील, पोरं आत साहेबापाशी. ऐकू दे साहेबाला आवाजासकट!

मॅडम : लिहिलं. इथे सही करा.

काकू : मोठी करते. साहेबाला चष्म्याशिवाय दिसू दे.

(मॅडम कागद पिशवीत ठेवतात, पण उठत नाहीत.)

मॅडम : माझा अडीच वर्षांचा आहे. त्याच्या पाळणाघरातल्या बाईही रोज म्हणतात, मुळीच रडला नाही.

काकू : कॅमेरा आहे तिथे?

मॅडम : सोमवारी बसतोय. काकू... रडत असेल का हो तो?

काकू : छे गं पोरी. तुझी पाठ वळली की लागत असेल खेळायला.