लादीतला करार आणि भिजलेला आदेश

नाव: सौ. महानंदा ज्योतिबा चौगुले, वय ५७ वर्षे, धंदा: बर्फाचा कारखाना, राहणार औद्योगिक वसाहतीमागे, होसकोटे. मूळ गाव निपाणी. दिनांक २१ ऑगस्ट २०२५.

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, माझा वरील ठिकाणी लादी बर्फाचा कारखाना असून तेथे बारा माणसे कामाला आहेत. सात वर्षांपूर्वी आम्ही एका खासगी सोलर कंपनीशी पंचवीस वर्षांचा वीजपुरवठा करार केला. मुदतीत दर बदलणार नाही, असे त्यात लिहिले आहे. त्या दिवशी माझ्या यजमानांनी वसाहतीत पेढे वाटले. आता पेढ्यांचा विषय निघाला की ते उठून बाहेर जातात.

एप्रिलपासून बिलात सरकारी अधिभार येऊ लागला. कंपनीला विचारले. ती म्हणाली, आम्ही दर एक पैशानेही वाढवलेला नाही. हे खरे आहे. अधिभार दराच्या वर वेगळा लागला, एवढेच. मी तो भरला नाही. म्हणून वीज कार्यालयाची नोटीस आली की, मूळ करार प्रत्यक्ष हजर करून खुलासा द्यावा, अन्यथा वीज तोडू. वीज गेल्यावर बर्फाच्या कारखान्यात काय उरते, ते वेगळे सांगत नाही.

मूळ कागद हातचा सोडायची मला भीती वाटत होती. याच कार्यालयात दिलेली अनामतीची मूळ पावती तीन वर्षे शोधत आहेत. आम्ही लग्नाच्या रिसेप्शनसाठी आत गुलाब घालून काचेसारख्या लाद्या करतो. त्याच पद्धतीने मी करार लॅमिनेट करून दहा किलोच्या पातळ लादीत गोठवला. सगळ्यांना दिसेल, पण कोणाला काढून ठेवता येणार नाही, असा विचार केला. कल्पना माझी एकटीची आहे, कामगारांना यात ओढू नये.

काल सकाळी साडेदहा वाजता मी लादी घेऊन कार्यालयात गेले. अधिकारी नरसिंहराव यांनी फरशी निसरडी होईल म्हणून ती स्वतःच्या टेबलावर ठेवायला लावली. ते म्हणाले, "अक्का, कागद हातात आल्याशिवाय शेरा मारता येत नाही." मी म्हटले, "सरी, बरं, मग स्वल्प थांबा. पंखा मोठा करा." त्यांनी पंखा मोठा केला व जेवायला गेले. जेवण तीन वाजेपर्यंत चालले. तोवर पाणी टेबलाच्या खणात गेले होते. खणात अधिभाराचा आदेश होता, त्याची शाई पसरली. उरलेला बर्फ शिपायाने फोडला, माझा करार कोरडा निघाला. मला वाईट वाटले, असे मी शपथेवर सांगू शकत नाही.

साहेबांनी करार पूर्ण वाचला. सात वर्षांत तो पूर्ण वाचणारे ते पहिलेच. त्यांनी सांगितले की, करार चांगला आहे, पण त्यावर सरकारची सही नाही, म्हणून तो सरकारला लागू नाही. मी म्हटले, आदेशावर माझीही सही नाही. ते म्हणाले, "तो लागू आहे." मी म्हटले, तो पुसला गेलाय. ते म्हणाले, "कॉम्प्युटरवर आहे, अक्का."

मग करार मोडते, दुसरीकडून वीज घेते, असे मी म्हणाले. तेव्हा त्यांनी मुदतीआधी बाहेर पडल्यास दंडाचे कलम बोटाने दाखवले. अठरा वर्षे उरली आहेत. तोवर मी पंचाहत्तर वर्षांची होईन. मला तिथेच रडू आले. ते पाणी नुकसानीत धरू नये.

सरकारी कागद भिजवल्याची तक्रार त्यानंतर कार्यालयाने इथे पोलिसांत दिली. माझा करार पुरावा म्हणून जप्त आहे. वीज सोमवारी तोडणार आहेत.

जबाब जमादार नागराज यांनी मराठीत लिहून घेतला, कानडी प्रत सोबत जोडली आहे. मी तो दोनदा मोठ्याने वाचायला लावला. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. सहीखाली चार बोटे जागा कोरी राहिली होती. मागाहून कोणी काही वाढवू नये म्हणून तिथे मी कागदाच्या टोकापर्यंत रेघा मारल्या आहेत.