पाय पाचवीला, उतरते सहावी

...आणि वर मलाच म्हणतात, जरा सुरात वाजवा! अहो, मी सुरातच लावतो हो. घरून निघताना लावतो, हॉलवर पोचल्यावर लावतो, चहा पिऊन पुन्हा लावतो. पण तुम्हाला सांगतो, हे पेडल स्टील गिटार नावाचं जे प्रकरण आहे ना, ते एकदा लावलं आणि विसरलं असं होतच नाही. तुम्ही पाहिलं नसेल. आमच्या शेजारीणबाईंनी पाहिलं तेव्हा विचारलं, "इस्त्रीचं टेबल नवीन घेतलंत?" चार पाय, वर आडव्या दहा तारा, डाव्या हातात लोखंडाची कांडी, खाली पेडलं, गुडघ्यांच्या बाजूला दांड्या... म्हणजे हात, पाय, गुडघे सगळे कामाला, मोकळं फक्त नाक, आणि खाजतं नेमकं तेच. पेडल दाबलं की तार खेचली जाते, सूर अलगद चढतो, सोडलं की परत येतो. कुणीतरी लांबून हाक मारतंय असं वाटतं. मला फार आवडतं हो ते. पण मी पाय दाबतो पाचवीसाठी, आणि उतरते सहावी. जिला मी हातसुद्धा लावलेला नाही ती तार!

आता हे आपल्या घरात झालं असतं तर कुणाला कळलं नसतं. पण दर शनिवारी संध्याकाळी आमचा बँड हॉलमध्ये वाजतो, रिटायर्ड मंडळी जोडीजोडीने नाचतात, आणि या बँडचे प्रमुख कोण? माझे साडू. दातांचे डॉक्टर. गाणार कोण? त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आक्का. म्हणजे वाजवण्यात चूक झाली तर ती माझ्याआधी सासुरवाडीला पोचते.

तर डॉक्टरांनी मला एके दिवशी त्यांच्या खुर्चीत बसवलं. दातांच्याच. वरचा दिवा डोळ्यांवर. म्हणाले, "हे बघा, घाबरू नका. तुमची ती एक तार किडलीये. मी नवीन कीबोर्ड घेतलाय. त्यात तुमच्या स्टील गिटारच्या आवाजाचं बटण आहे. शनिवारपर्यंत बरं झालं तर ठीक, नाहीतर... काढावं लागेल." तार नव्हे हो, मला! अकरा वर्षं वाजवतोय मी. आठवडाभर गोदामात खोकी लावतो, तिथे माझं कुणी ऐकत नाही, घरी तर विचारूच नका. ते शनिवारचे दोन तास गेले तर माझ्याकडे उरतं काय? बटण घेणार माझी जागा? मला त्या खुर्चीत रडूच यायचं बाकी राहिलं, आणि बाहेर बसलेल्या पेशंटना वाटलं, अक्कलदाढ असेल.

घरी आलो आणि कामाला लागलो. बायकोला सूर मोजायचा काटा धरून बसवलं, मी पेडल दाबणार, तिने वाचायचं. "उतरली." पुन्हा दाबलं. "उतरली. अहो, परत उतरली. अहो, दूध उतू गेलं." मग मी डोकं चालवलं. म्हटलं, सहावी आधीच थोडी चढी लावू, उतरेल तेव्हा बरोबर येईल. आली की! पण पाय उचलला तर चढीच राहिली. मग म्हटलं, जाड तार घालू, जाड म्हणजे दणकट, ती कशाला हलतेय? घातली. तशीच उतरली, आणि पेडल दाबून माझी पोटरी भरून आली ते वेगळंच. मी पाय दाबतो पाचवीसाठी, उतरते सहावी, आणि लंगडतो मी.

शेवटी तारावाल्याकडे गेलो. दुकान म्हणजे कपाटच, त्यात तो, आणि त्याच्या पाठीमागे तारांच्या पाकिटांची भिंत. माणूस शांत. मान वर न करता म्हणतो, "काका, तारेला कशाला बोल लावता? लाकूड वाकतं." मी म्हटलं, माझं? "सगळ्यांचंच. पेडलने तारा खेचल्या की अंगावर ताण येतो, अंग केसभर वाकतं, बाकीच्या तारा तेवढ्या सैल पडतात. आणि तुमची सहावी आहे जाड आणि साधी. ती केसभर सैल पडली तरी सूर हातभर सोडते." म्हणजे स्वभाव बघा! मग त्याने दोन पाकिटं ठेवली. "पाचवी एक नंबर बारीक घ्या, ओढ कमी लागेल, अंग कमी वाकेल. सहावी गुंडाळीची घ्या. आत गाभा बारीक, वरून तारेचं वेटोळं. तिला एवढ्या-तेवढ्याने फरक पडत नाही. मात्र तिचं स्वतःचं पेडल आता खोल दाबावं लागेल." मी म्हटलं, जमिनीत खड्डा करीन.

रात्रभर... नाही, खोटं कशाला, जेवायच्या आत झालं. टेबलाखाली पाठीवर पडून स्क्रू फिरवले, पेडल खोल केलं. बायको काट्याजवळ. पाचवीचं पेडल दाबलं. गप्प. म्हटलं, बोल ना! म्हणाली, "काटा बंद पडलाय वाटतं. हललाच नाही."

तुम्हाला सांगतो, मी तिथेच जमिनीवर बसलो. अकरा वर्षांनी सहावी जागेवर होती.

शनिवार आला. हॉल भरलेला. आक्कांनी संथ गाणं धरलं, मी पाय दाबला पाचवीसाठी, सहावी तसूभर हलली नाही, आणि नेमकी त्या जागी... आक्का उतरल्या. एकट्याच. अहो, अकरा वर्षं त्या माझ्या सहावीचा सूर धरून गात होत्या! दोघं मिळून उतरायचो तेव्हा ते फक्त माझं दिसायचं. आता मी वर, त्या खाली. नाचणारी एक जोडी थांबली, मग दुसरी. आक्का माइकवरच म्हणाल्या, "आज तुमचं काहीतरी चढलंय."

मध्यंतरात डॉक्टरांनी घाईघाईने मला उठवलं, कीबोर्ड मांडला, बटण दाबून तेच गाणं घेतलं. ते बटण बिचारं काट्यावर तोलल्यासारखं सुरात. आक्का म्हणाल्या, "याचंही चढलंय."

डॉक्टर मला बाहेर पाण्याच्या टाकीजवळ घेऊन गेले. त्यांना कळलं होतं. मलाही कळलं होतं. पण आक्कांना सांगणार कोण? रोज पेशंटला "तोंड उघडा" म्हणणारा माणूस, पण स्वतःचं तोंड उघडेना. शेवटी खाली बघत म्हणाले, "तुमची ती जुनी तार... आहे का हो अजून?"

नव्हती. बायकोने त्या तारेने वेल बांधला होता. परत तारावाल्याकडे गेलो, म्हटलं, साधी जाड सहावी द्या. तो म्हणाला, "काका, ती उतरते." म्हटलं, माहीत आहे.

गुंडाळीची तार मी जपून ठेवलीये. कधी घरात कुणी नसलं की चढवतो, एकदा वाजवतो, स्वतःच ऐकतो, आणि काढून ठेवतो. शनिवारी साधी. मी पाय दाबतो पाचवीसाठी, सहावी उतरते, आक्का उतरतात, जोड्या नाचतात, सगळे खूश. डॉक्टर अजूनही मधूनच सगळ्यांसमोर म्हणतात, "जरा सुरात वाजवा," मी मान हलवतो. कीबोर्ड त्यांनी परत केला. काय करणार, त्याला दोनशे वाद्यं येत होती, पण माझ्याइतकं नेमकं उतरायला काही त्याला जमेना.