बुधवारी मी कोणीतरी दुसराच

माझं नाव निखिल, पण टीममध्ये मला सगळे निक म्हणायचे, आणि घरी आई अजून निख्या म्हणते, एवढा सव्वासहा फुटी धिप्पाड माणूस, तरी निख्याच. जन्म इथलाच, अमेरिकेतला, ओहायोतल्या डब्लिन गावचा. आईबाबा सांगलीचे. बाबा मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून इथं आले, आणि आईला सुरुवातीला इथं बोलायला कुणीच नव्हतं, म्हणून ती माझ्याशी बोलायची, भाजी चिरताना, कपड्यांच्या घड्या करताना, मी पाळण्यात असल्यापासून, तेव्हा माझं मराठी हे असं सगळं आईकडून आलेलं. मावसभाऊ म्हणतो तू बायकांसारखं बोलतोस. म्हणू दे.

लोकांना वाटतं घराण्यात कुणीतरी पैलवान असणार. काय सांगू तुम्हाला, आजोबा पोस्टात होते आणि बाबांना जोराचा वारा आला तर आम्ही धरून ठेवतो. मीच कसा असा वाढत गेलो कुणास ठाऊक. मंडळाच्या गणपतीला सगळ्या काकू आईला विचारायच्या, काय गं, कुठल्या चक्कीचं पीठ घालतेस याला, आणि आई तिथं हसायची, पण गाडीत बसली की म्हणायची, नजर लावतील मेल्या, आणि घरी आल्यावर मीठमोहऱ्या ओवाळून टाकायची. बाकीची पोरं स्टेजवर नाटक करायची, मी मागं टेबलं उचलायचो. कुणी वाईट वागत नव्हतं हो, पण दारातून जाताना आपण जास्त आहोत असं मला सारखं वाटायचं, म्हणजे सगळीकडेच जास्त.

मग हायस्कूलमध्ये फुटबॉलच्या कोचनं मला बघितलं, आणि तो पहिला माणूस की ज्याला मी जास्त वाटलो नाही. बाबा म्हणाले, हाडं मोडून घ्यायला आलोय का आपण इथं. आई म्हणाली, एक वर्ष बघू या. त्या एका वर्षाची पुढं बारा झाली.

आता फुटबॉल म्हणजे इथला, अंड्यासारख्या बॉलचा. मी डिफेन्सिव्ह लाइनमन. म्हणजे बॉल समोरच्या टीमकडे असतो, त्यांच्या पुढं पाच अजस्र माणसं भिंत करून वाकलेली असतात, आणि ती भिंत फोडायचं काम माझं. मी मधोमध, त्यामुळं माझ्यावर दोघं दोघं यायचे. दोघं माझ्यात अडकले की मागचा आपला माणूस मोकळा, तो पळत येऊन बॉलवाल्याला पाडणार, टाळ्या त्याला. मला त्याचं काही नाही. मला आवडायचं ते त्याच्या आधीचं. एक हात गवतावर टेकवून वाकायचं, समोरच्याचा श्वास आपल्या तोंडावर येतोय, कॉलेजच्या मॅचला सत्तर हजार लोक ओरडतायत आणि आपल्याला काही ऐकू येत नाही, फक्त बॉलकडे बघत राहायचं, तो हलला की सुटायचं. तेवढ्या वेळात मी कुणालाच जास्त नव्हतो. अजून कधी कधी बागेत तण काढायला वाकतो ना, हात गवताला लागला की तसाच वाकून राहतो, सुटायची वाट बघत. आई म्हणते, काय रे, काय झालं. काही नाही म्हणतो.

कॉलेजात चार वर्षं खेळलो, बरं खेळलो. मग मोठ्या लीगमध्ये मला घेतलं, पण कुठं, तर प्रॅक्टिस स्क्वाडमध्ये. हे लोकांना माहीत नसतं म्हणून सांगतो, आणि रागानंच सांगतो. प्रॅक्टिस स्क्वाडचा माणूस आठवडाभर टीमबरोबर घाम गाळतो, मार खातो, आणि रविवारी मॅचला टीमचे कपडे घालत नाही. त्याचं काम काय, तर येत्या रविवारी जी टीम समोर येणार आहे तिचा माणूस व्हायचं. बुधवारी सकाळी लॉकर रूममधल्या माझ्या खणात एक जाळीचं बनियन असायचं, त्याच्यावर त्या दुसऱ्या टीमच्या लाइनमनचा नंबर. ते घालायचं, आणि तो जसा खेळतो तसं खेळायचं, म्हणजे आपल्या लोकांना त्याची सवय होते. मी व्हिडिओ बघून बघून माणसं उतरवायचो. एक जण सुटायच्या आधी डावी टाच उचलायचा, एक जण उजव्या हातानं आधी फसवायचा, एक नुसता अंगावर रेलायचा. कोच म्हणायचा, गुड लुक, निक, गुड लुक. म्हणजे हुबेहूब. चार सीझन मी हुबेहूब होतो, दर आठवड्याला वेगळा.

आणि त्यात पुन्हा भरवसा नाही. मंगळवारी सकाळी एक माणूस लॉकर रूममध्ये येतो आणि खांद्यावर हात ठेवून म्हणतो, कोच बोलावतायत, आयपॅड घेऊन ये. आयपॅड घेऊन ये म्हटलं की संपलं, कारण खेळाचे सगळे डाव त्याच्यात असतात आणि तो परत घ्यायचा असतो. माझ्या शेजारचे किती जण असे उठून गेले. निरोप नाही, काही नाही. पुढच्या दिवशी त्या खणाला दुसऱ्या नावाची पट्टी चिकटवलेली.

आई दर रविवारी फोन करायची, आज दिसशील का टीव्हीवर. मी म्हणायचो, अगं मैदानाच्या कडेला उभा असेन टोपी घालून, बघ दिसलो तर. ती म्हणायची, कडेला का, तुला मध्ये उभं करायला काय होतं त्यांना.

मग चौथ्या सीझनमध्ये, नोव्हेंबरात, आमच्या टीमचा मधला लाइनमन जायबंदी झाला आणि मंगळवारी कोचनं मला बोलावलं. मी आयपॅड घेऊनच गेलो, भीतीनं. तो म्हणाला, ठेव तो खाली, रविवारी तू खेळतोयस. मी बाहेर येऊन जिन्यात बसलो. आईला फोन केला तर तिनं ऐकून फोन बाबांच्याच हातात दिला, ते म्हणाले, गाडी काढू का आत्ता. अजून मंगळवार आहे बाबा, म्हटलं.

पण बुधवार-गुरुवारचं ते दुसऱ्याचं बनियन काही सुटत नाही. त्या रविवारी समोर येणारा लाइनमन लीगमधला सगळ्यात दांडगा, त्याचं सोंग घ्यायला माझ्याएवढा दुसरा कुणी नव्हता. कोचला विचारलं, रविवारी खेळायचंय तर आज जरा सांभाळून करू का. तो म्हणाला, तो माणूस सांभाळून खेळत नाही, आम्हाला खरा पाहिजे. मग मी खरा दिला. गुरुवारी शेवटच्या काही डावांपैकी एक होता, मी दोघांच्या मधून घुसलो, अगदी त्याच्यासारखा, आणि आमच्याच भिंतीतला एक गार्ड पाय घसरून माझ्या गुडघ्यावर मागून पडला. त्याची काही चूक नाही, तो रडला बिचारा. मला गाडीत घालून नेताना कोच मागून म्हणाला, गुड लुक, निक. त्याला वाटलं तो मला शाबासकी देतोय. अंगावर अजून ते दुसऱ्याच्या नंबरचं बनियन होतं, डॉक्टरांनी ते कात्रीनं कापलं.

आईबाबा शुक्रवारीच येऊन पोचले होते, डबे भरून. मी त्यांना कळवलं नव्हतं, माझ्या हॉटेलच्या खोलीत त्यांना कुबड्या दिसल्या. आईनं शिऱ्याचा डबा उघडला आणि म्हणाली, खा आधी. रविवारी आम्ही तिघं प्रेक्षकांत बसलो. आमची टीम जिंकली, आणि तो दांडगा लाइनमन दिवसभर हलूच शकला नाही, आमच्या लोकांना त्याचं सगळं पाठ होतं, टाच, खांदा, सगळं. बाबांना हा खेळ कधी फारसा कळला नाही, पण त्या दिवशी ते खाली बघत राहिले आणि म्हणाले, निखिल, हे तू शिकवलंयस ना त्यांना. मी म्हटलं, हो बाबा. पण मला शिकवायचं नव्हतं, मला तिथं खाली वाकायचं होतं. एकदा. माझ्या नावाचा शर्ट शिवून तयार होता, शनिवारी मी लॉकर रूममध्ये जाऊन बघून आलो होतो, पाठीवर आमचं आडनाव, एवढं लांब की अक्षरं कमानीसारखी खांद्यापासून खांद्यापर्यंत गेलेली. मागितला तर सामानवाला म्हणाला, खेळलेल्यांनाच मिळतो, सॉरी मॅन. पुढच्या मंगळवारी तो माणूस आला, खांद्यावर हात ठेवला.

आता मी एकतीसचा आहे. शाळेत लाइनच्या पोरांना शिकवतो, जिना उतरताना कठडा धरतो. माझ्यासारखेच सोडून दिलेले काही जण मिळून आम्ही एक संघटना केली आहे, मागणी साधी आहे, प्रॅक्टिसमध्ये मोडलेला गुडघाही गुडघाच असतो, त्याच्या उपचाराचं बघा. भाषणं करतो, पत्रकं वाटतो, स्टेडियमच्या पार्किंगमध्ये उभा राहतो, आणि जे बोलतो ते सगळं खरं आहे, ती लोकं माणसं वापरतात आणि टाकतात. मागच्या महिन्यात एका सभेत एका बाईनं विचारलं, उद्या तुमचा गुडघा बरा झाला आणि त्यांनी बोलावलं तर जाल का. माझे साथीदार माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, आत्ता जाईन, गाडीत बूट आहेत. नंतर साथीदार चिडले, अरे यार, आपल्याच पायावर धोंडा मारून घेतलास. पण मी खोटं कसं बोलू सांगा. त्यांच्यावर राग आहे म्हणून खेळावरची माया कमी होते का. ती माया आहे म्हणून तर ते फुकटात आमची हाडं घेतात, आणि म्हणून तर मी भांडतो.

असू दे. माझं झालं ते झालं. आत्ता या बुधवारी जी पोरं दुसऱ्याचा नंबर घालून कुठंतरी वाकून उभी आहेत, त्यांचे गुडघे शाबूत राहोत, आणि एक तरी रविवार त्यांना स्वतःच्या नावाचा मिळो. एक पुरतो हो. मला तर एक पुरला असता.