नदी कुठं पळून जातेय?

...आणि वर मला म्हणतो काय, "थेन, तू होतास म्हणून जमलं बाबा." जमलं? कुणाचं जमलं? तुम्हीच सांगा... म्हणजे थांबा, तुम्ही कसं सांगणार, तुम्हाला अजून काही ठाऊकच नाही. पण तुम्हाला सांगतो, एकोणीस वर्षं एका नदीवर जायची तयारी केली मी, एकोणीस, आणि त्या नदीचं किती पाणी माझ्या अंगाला लागलं असेल? हा बुटाचा तळवा बघा. एवढंच. तेही काठावरच्या चिखलाचं.

नदी म्हणजे आपली ग्रीन नदी. आमच्या प्राइस गावापासून गाडीनं तासाभरावर. चार दिवस कयाकमधून, म्हणजे एकट्यापुरत्या होडीतून, जायचं, रात्री वाळूवर तंबू ठोकायचा, आणि खाली मिनरल बॉटमच्या उताराला बाहेर पडायचं. वाटेत धबधबा नाही, भोवरा नाही, पाणी असं संथ की त्याला जायची इच्छा आहे की नाही हेच कळू नये. दरवर्षी कॉलेजची पोरं अर्ध्या चड्डीवर जाऊन येतात. आमच्या चर्चच्या बिशपची आई गेली होती, सत्याहत्तराव्या वर्षी, विणकाम घेऊन. राहिलो कोण? आम्ही दोघं.

कारण माझा मित्र रूलन जॉर्गेन्सन. मित्रच म्हणायचं, दुसरा शब्द आहे पण तो चर्चच्या हॉलमध्ये वापरता येत नाही. रूलननं सारा जन्म कोळशाच्या खाणीत सुरक्षा तपासनीस म्हणून काढला. ज्या माणसानं चाळीस वर्षं छत कधी कोसळेल एवढाच विचार केला, त्याच्याबरोबर तुम्ही उघड्या आभाळाखाली झोपायला निघालात, तर तो आभाळाला टेकू मागणारच की नाही? दर गुरुवारी आम्ही हॉटेलात बसायचो, समोर मध-लोणी लावलेले तळलेले स्कोन, आणि रूलन यादी काढायचा. पहिल्या वर्षी यादी एका पानाची होती. शेवटी दोनशे चौदा कलमं झाली. लाइफ जॅकेट दोन. लाइफ जॅकेटचा पट्टा तुटला तर पट्टा. पट्टा शिवायला सुई. सुई टोचली तर मलमपट्टी. आणि मी जरा कुरकुरलो, म्हटलं रूलन, या सप्टेंबरात जाऊनच येऊ, की पेन्सिल कानावर ठेवून म्हणायचा, "थेन, घाई कशाला? नदी कुठं पळून जातेय?"

अहो, नदी दुसरं करते काय?

आता मला का जायचं होतं ते सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा उगाच रडतोय. जनावरांच्या खाद्याच्या दुकानात एक कॅलेंडर होतं, त्यात सप्टेंबरच्या पानावर फोटो. नदी एका डोंगराभोवती सात मैल वळसा घालते आणि फिरून पुन्हा जवळजवळ तिथंच येते. मधल्या खिंडीत चढून उभं राहिलं की दोन्ही अंगांना नदी. एकीकडं आलो ती, दुसरीकडं जायचं ती. मला तिथं उभं राहायचं होतं, बस. मी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. एकतीस वर्षं पोरांना सहलीच्या दारात सोडायचं आणि आपण पार्किंगमध्ये सँडविच खात बसायचं. डायनॉसोरचं म्युझियम मी चाळीस वेळा पाहिलंय, बाहेरून. वाटलं, एकदा, एकदा तरी आपण आत जायचं आणि दुसऱ्या कुणीतरी पार्किंगमध्ये बसायचं.

पण या नदीची दोन लफडी. पहिलं, डबा. हसू नका. तिथं नियमच आहे, माणसानं पोटातून जे काही बाहेर टाकलं ते वाळूत पुरायचं नाही, सगळं डब्यात भरून परत आणायचं. जगात माणूस डबा भरून नेतो आणि रिकामा आणतो, या नदीवर रिकामा न्यायचा आणि भरून आणायचा. मग तो कुणाच्या कयाकमध्ये? यावर, तुम्हाला सांगतो, अडीच वर्षं गेली. रूलन म्हणाला एक दिवस तू, एक दिवस मी. मी म्हटलं पहिल्या दिवशी हलका असतो तेव्हा तू आणि चौथ्या दिवशी मी, असा हिशेब दिसतोय तुझा. सहा आठवडे बोलत नव्हतो आम्ही. शेवटी माझी बायको नेड्रा म्हणाली, "दोन म्हातारे अजून न केलेल्या गोष्टीवरून भांडताय, लाज वाटू द्या." मग डबा रूलनकडं ठरला.

दुसरं लफडं, गाडी. नदी तुम्हाला परत आणून सोडत नाही. उतरलात इथं, बाहेर पडणार तिथं, मग गाडी तिथं कोण नेणार? लोक आधीच एक गाडी खाली ठेवून येतात. रूलन म्हणाला, "चार दिवस बेवारस? आणि पूर आला तर?" गाड्या पोचवून देणारी माणसं असतात, त्यांना फोन केला तर यानं ड्रायव्हरच्या ब्रेकचे कागद मागितले. आता ते रूलनचा आवाज ऐकला की फोन ठेवतात. नेड्राला विचारलं. मिनरल बॉटमचा रस्ता तुम्ही पाहिलाय ना, कड्यावरून शिडीसारखा खाली उतरतो, एका बाजूला खडक आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. नेड्रा म्हणाली, "तुला चार मुलं दिली. हा रस्ता देणार नाही." आणि रूलननं स्वतः चालवायचा प्रश्नच नाही. जन्म जमिनीखाली गेला, त्याला जमिनीच्या वर काहीही उंचच वाटतं. खुर्चीवर चढून बल्ब बदलत नाही तो.

म्हणजे पाहिजे तिसरा माणूस. या तिसऱ्या माणसापायी आठ सप्टेंबर गेले. "मिळेल रे, नदी कुठं पळून जातेय?"

आणि या जुलैत माझा खांदा गेला. डॉक्टरीण म्हणजे माझ्याच बसमधून शाळेत गेलेली पोर, मागच्या सीटवर बसून ओकायची. फोटो बघून म्हणाली, "मिस्टर ऑलसेन, खांद्यातला स्नायू विरलेल्या दोरीसारखा झालाय. ऑक्टोबरात ऑपरेशन करू. काही करायचं राहिलं असेल तर सप्टेंबरात जपून करून घ्या, नंतर वल्हं कायमचं विसरा." मी म्हटलं, मग नंतर करायचं काय मी? तर म्हणाली, "स्टिअरिंगला हरकत नाही."

आता हे मी रूलनला सांगायला नको? नको! कारण सांगितलं असतं तर त्यानं काय केलं असतं? दोनशे पंधरावं कलम: थेनचा खांदा. आणि बेत रद्द, कायमचा. तेव्हा मी गप्प. नेड्रालाही बजावलं, गप्प. गुरुवारी टेबलावर मूठ आपटली, चांगल्या हाताची, आणि म्हटलं, रूलन, या सप्टेंबरात नाही तर मी तुझ्याशी बोलणार नाही. तो घाबरला. चार दिवसांनी फोन आला, "थेन, तिसरा माणूस मिळाला."

डेल्विन. रूलनचा मेहुणा. इडाहोत गाद्या विकतो आणि माणूसही तसाच, जिथं टाकाल तिथं पसरतो. रूलननं त्याला विचारलं, गाडी चालवशील? तो म्हणाला, चालवीन. कड्याची भीती? नाही. लायसन्स? आहे. चष्मा? नाही लागत. रूलननं यादीत लिहिलं, चालक — डेल्विन, आणि पुढं बरोबरची खूण केली. एकोणीस वर्षांतली शेवटची खूण. त्या रात्री मी कयाक दिवाणखान्यात आणून तिच्यात बसलो. नेड्रानं पॉपकॉर्नची वाटी हातात दिली.

बुधवारी सकाळी काठावर आलो. काय सकाळ होती... पाणी चॉकलेटी, झाडं नुकती पिवळी व्हायला लागलेली, समोर बगळा. दोन्ही कयाक भरून पाण्याच्या कडेला. मी लाइफ जॅकेट चढवलंय, डावा पाय कयाकमध्ये टाकायचा बाकी. परवाना खिशात. डबा रूलनच्या कयाकमध्ये, रिकामा, फुलदाणीसारखा चकचकीत. रूलननं पिकअपची किल्ली डेल्विनला दिली. डेल्विन आत बसला, सीट मागं घेतली, आरसा नीट केला, खाली वाकून बघितलं. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणतो,

"हे तिसरं पेडल कशाचं?"

दोनशे चौदा कलमं! सुई टोचली तर मलमपट्टी लिहिली होती, पण माणसाला क्लच माहीत आहे का, हे एका ओळीत नव्हतं. इडाहोत म्हणे सगळ्या गाड्या आपोआप गिअर बदलतात. मी त्याला शिकवायला बसलो. चार वेळा गाडी बंद पाडली आणि पाचव्यांदा मागं सोडली, ती सरळ नदीकडं. हँडब्रेक मी ओढला म्हणून, नाहीतर पिकअप आमच्या आधी मिनरल बॉटमला पोचली असती.

मग रूलननं यादी काढली. खालपासून वर वाचली, वरपासून खाली वाचली. मग ती घडी घालून खिशात ठेवली आणि हळूच म्हणाला, "जाऊ दे, थेन. आज नकोच. नदी कुठं पळून जातेय?" आणि कयाकवरच्या दोऱ्या सोडायला लागला. एकाहत्तर वर्षांचा माणूस. गाठ सुटत नाहीये, आणि माझ्याकडं बघत नाहीये, कारण त्याला रडू येत होतं. चाळीस वर्षांत मी रूलनला रडताना पाहिलं नव्हतं, आणि पाहावं असं काही नसतं ते, सांगतो तुम्हाला.

आता माझी गंमत बघा. खांद्याचं सांगावं, तर तो बेत जागच्या जागी पुरतो. न सांगावं, तर दोऱ्या सुटतायत. म्हणजे कसंही केलं तरी मी जात नाही. प्रश्न एवढाच उरला, रूलन जातो की नाही. आणि एकट्यानं तो आंघोळीलाही जात नाही. पिकअप चालवू शकणारा, तो कडा उतरू शकणारा, एकतीस वर्षं तसल्याच रस्त्यांवर साठ पोरं मागं घेऊन उतरलेला माणूस तिथं एकच होता, आणि तो पुन्हा कयाकपाशी डावा पाय उचलून उभा होता.

पाय खाली ठेवला. जॅकेट काढलं. डेल्विनला म्हटलं, घाल. त्याला ते पोटावर बसेना, पट्टा तुटला. पण पट्टा तुटला तर पट्टा, तो यादीत होता ना!

माझी कयाक, माझं वल्हं, नेड्रानं केलेले माझे सँडविच, आणि वर माझ्यासाठी घेतलेलं एक खरबूज... सगळं डेल्विन. रूलन म्हणाला, "थेन, फक्त या खेपेला हं. पुढच्या वर्षी तू." मी म्हटलं हो. ढकलून दिलं दोघांना. वळणाआड गेले. काठावर उभा राहिलो मी एकटाच, बगळासुद्धा उडून गेला.

घरी आलो. नेड्रा दारात. "काय विसरलास?"

म्हटलं, "मीच राहिलो."

तिनं ओव्हन लावला.

शनिवारी सकाळपासून मिनरल बॉटमला. पार्किंगमध्ये. सँडविच खात. तीन वाजता दोघं आले, गात! रूलन, ज्यानं चर्चमध्येही कधी नुसते ओठ हलवण्यापलीकडं काही केलं नाही, तो गात होता. नाक सोललेलं, टोपी नाही, दहा वर्षांनी तरुण. मी म्हटलं, यादी कुठाय? तर हसत हसत म्हणतो, "पहिल्याच दिवशी पाण्यात गेली रे. काही अडलं नाही." काही अडलं नाही... एकोणीस वर्षं, आणि काही अडलं नाही!

डेल्विन खिंडीत चढून आला होता. म्हणाला, दाखवतो तुला. फोन पुढं केला. डावीकडं डेल्विनचा अंगठा, उजवीकडं डेल्विनचं नाक, मधे निळ्या आभाळाची एक पट्टी. "यात नदी कुठंय?" "अंगठ्याच्या मागं."

आणि मग रूलननं माझ्या गळ्यात हात टाकला, त्याच खांद्यावर, मला काजवे दिसले, आणि ते वाक्य म्हणाला, तू होतास म्हणून जमलं बाबा. दोघंही परतीच्या वाटेवर लगेच झोपले. आणि आमच्या पायाशी डबा. मागं ठेवला तर उलटेल, असं रूलन झोपण्यापूर्वी म्हणाला होता. घर आलं, डोळे चोळत दोघं उतरले. "थेन, तेवढा डबा रिकामा करायचा बघशील? दमलोय रे." डबा रिकामा करायची जागा गावाबाहेर, शनिवारी पाचला बंद. रविवारी अर्थातच बंद. म्हणजे सोमवारपर्यंत, मंडळी, चार दिवसांचा प्रवास माझ्या गॅरेजमध्ये माझ्या कयाकशेजारी होता. नदीवरून मला मिळालं ते तेवढंच. माझेच सँडविच होते म्हणा त्यात.

काल गुरुवार. जायचं नाही असं ठरवलं होतं. गेलो. ऑपरेशन पुढच्या मंगळवारी आहे, म्हटलं सांगून टाकू आता, आता काय बिघडायचंय. बघतो तर रूलन आधीच बसलेला, माझा स्कोन मागवून ठेवलेला, आणि समोर कोरा कागद. म्हणाला, "थेन, मी शिकलो. एवढी मोठी यादी लागतच नाही. पुढच्या वर्षी दोनच ओळी." आणि कागद माझ्याकडं फिरवला.

पहिली ओळ: डेल्विनऐवजी खात्रीचा चालक — थेन. पुढं बरोबरची खूण.

दुसरी ओळ: डबा — थेन. खूण.

"आणि नदीवर?" मी विचारलं.

"त्याचं बघू रे," म्हणाला. "नदी कुठं पळून जातेय?"

तुम्हाला सांगतो, सगळं ओठावर आलं होतं. मग म्हटलं जाऊ दे. डॉक्टरीण म्हणालीच आहे... स्टिअरिंगला हरकत नाही.