चिंचोळगाव बसस्थानकाच्या फुटलेल्या काचेबाबत

पुरवणी जबाब

नाव : दामिनी उमाशंकर बिडवे, वय ३८ वर्षे, व्यवसाय : वास्तुविशारद, मूळ राहणार मुरुड, सध्या राहणार लातूर.

मी आज कोणी बोलावले नसताना स्वतः ठाण्यात हजर होऊन सांगते ती हकिकत अशी की,

मी वरील पत्त्यावर आईवडिलांसह राहते. लातूर-नांदेड रस्त्यावरील चिंचोळगाव येथील नवीन बसस्थानकाचा आराखडा मी तयार केला आहे. त्या बसस्थानकाच्या दर्शनी दरवाजाची काच फुटल्याबाबत या ठाण्यात जो गुन्हा दाखल आहे, त्याची फिर्याद मीच दिली होती. ती फिर्याद पूर्ण खरी नाही. म्हणून हा जबाब देत आहे.

मी फिर्यादीत लिहून दिले होते की, एका अनोळखी महिलेने जमाव जमवला, समजावून सांगूनही ऐकले नाही आणि दगड मारून काच फोडली. यापैकी महिलेने दगड मारला एवढेच खरे आहे. तिला कोणीही काही समजावून सांगितलेले नव्हते. जमाव म्हणावा असा जमाव नव्हता, गाडीची वाट पाहणारे प्रवासी होते.

बसस्थानकाविषयी थोडे सांगणे जरूर आहे. शाळकरी वयात मी क्लाससाठी मुरुडहून लातूरला एसटीने जात असे. वडील सोडायला येत. पत्र्याच्या शेडात आम्ही उभे असायचो आणि पाऊस आला की वडील माझे दप्तर स्वतःच्या सदऱ्यात धरायचे. पुढे पुण्यात शिकताना मोठमोठ्या इमारती पाहिल्या तेव्हा वाटायचे की, आपल्याकडच्या माणसाला आयुष्यात एक चांगली इमारत हक्काने वापरायला मिळाली पाहिजे, आणि ती बसस्थानकच असू शकते. तिथे सगळेच येतात. चिंचोळगावचे काम मिळाले तेव्हा मी तेच केले. काळ्या दगडाच्या जाड भिंती, पश्चिमेला दगडी जाळी, दोन थरांचे उंच छत, त्यातून गरम हवा वर निघून जावी अशी योजना. खर्च जिल्ह्यातल्या कोणत्याही बसस्थानकापेक्षा जास्त झाला. दर्शनी भाग मोकळा दिसावा म्हणून जुन्या आवारातली दोन कडुलिंबाची झाडे काढावी लागली. ती काढण्याचा निर्णय माझा होता.

काम सुरू होण्याआधी गावात सभा झाली होती. तेथील निवृत्त शिक्षक शेषेराव पवळे उभे राहून म्हणाले, "बाई, गाडी टायमावर येऊ द्या अन् बायकांच्या मुतारीला आतून कडी लावा. बाकी आम्ही लिंबाखाली बसतो. एवढ्या पैशात पन्नास खेड्यांत शेड होतील." मी उत्तर दिले, "शेडातच बसायची सवय लावली म्हणून तुम्हाला शेडच मागावंसं वाटतं, सर." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पवळे सर खाली बसले. माझे ते उत्तर मला आजही चुकीचे वाटत नाही. तसे लिहून घ्यावे.

इमारत पाडव्यालाच पूर्ण झाली होती. उद्घाटनाची तारीख दोनदा ठरून दोनदा पुढे गेली. तोपर्यंत इमारतीला कुलूप होते आणि प्रवासी आवाराच्या दुसऱ्या टोकाला तात्पुरत्या पत्र्याच्या शेडात बसत होते. शेडात पंखा नव्हता. मला ते माहीत होते. मी महिन्यातून दोनतीन वेळा तिथे जात होते.

घटनेच्या दिवशी पुण्याहून फोटोग्राफर आले होते. वास्तुकलेच्या एका पुरस्कारासाठी फोटो पाठवायचे होते. पश्चिमेच्या जाळीतून फरशीवर उन्हाची नक्षी पडते ती दुपारी तीनच्या पुढे चांगली दिसते, म्हणून ती वेळ मीच ठरवली. बांधकामाच्या गुत्तेदाराकडून चावी मी आणली होती. मी, फोटोग्राफर आणि रखवालदार भागवत असे तिघे आत होतो. बाहेर त्रेचाळीस अंश तापमान होते, असे नंतर पेपरात वाचले. आत ते जाणवत नव्हते.

थोड्या वेळाने भागवत माझ्याकडे आला. म्हणाला, "म्याडम, दोनचार बायका आत बसू का म्हणायलेत. एका म्हातारीला उन्हाचं लई व्हायलंय."

मी त्याला सांगितले, "उद्घाटन होईपर्यंत कुणालाही नाही. आजच फरशी पुसून घेतली आहे."

तो म्हणाला, "कोपऱ्यात बसतील की. कशाला हात लावायच्या न्हाईत."

मी म्हटले, "भागवत, एकदा सांगितलं ना."

तो गेला आणि आतून कडी लावून आला. त्याने नंतर माझ्याकडे पाहिले नाही. भागवतचा या प्रकरणात काही दोष नाही. गुत्तेदाराने त्याला कामावरून कमी केले आहे असे कळते. त्याने जे केले ते माझ्या सांगण्यावरून केले.

त्यानंतर चारपाच प्रवासी दरवाजापाशी आले. फोटोग्राफर म्हणाले, "मॅडम, काचेत माणसं येतायत फ्रेममध्ये." मी दरवाजाकडे पाहिले. लाल साडीतली एक तरुण बाई तळहाताने काचेवर थापा मारत होती. तिचे तोंड हलत होते, पण शब्द ऐकू येत नव्हते. गाड्यांचा आवाज आत येऊ नये म्हणून ती जाड काच मी निवडली होती. तिच्या पायाशी, पायरीवर, कोणी तरी आडवे होते. उन्हात प्रवासी कुठेही पडतात, तसे कोणी झोपले असेल, असे मी मनाला सांगितले. पायरीवर त्या वेळी ऊन होते. उन्हात कोणी झोपत नाही, हेही मला कळत होते.

मी हाताने तिला बाजूला व्हा अशी खूण केली.

ती बाजूला झाली. आम्हाला वाटले ती गेली. फोटोग्राफरने फोटो घेतला. मी कॅमेऱ्यात पाहून 'छान आलाय' असे म्हणाले. त्यानंतर लगेच काच फुटली. जाळीच्या कामातला उरलेला दगड पायरीजवळ पडला होता, तो तिने मारला होता. भागवत धावत गेला, कडी काढली, आणि तिने व त्याने मिळून एका वयस्क बाईला उचलून आत आणले. त्या बाईचे नाव कस्तुराबाई सोळुंके, आणि दगड मारणारी त्यांची सून तनुजा, हे मला नंतर समजले. कस्तुराबाईंना डोळे दाखवायला त्या दोघी नांदेडला निघाल्या होत्या आणि गाडी आली नव्हती.

त्या वेळी माझ्या तोंडून निघालेले पहिले वाक्य "काच कुणी फोडली?" हे होते. हे वाक्य तिथल्या सर्वांनी ऐकले आहे.

सासूचे डोके मांडीवर घेऊन तनुजा "आत्या, ओ आत्या, डोळे उघडा" असे म्हणत राहिली. भागवतने आपला टॉवेल भिजवून आणला. फोटोग्राफरने १०८ ला फोन लावला. मी उभी होते. कस्तुराबाईंचे अंग तापलेले होते आणि घाम अजिबात नव्हता, हे मला तनुजाच्या बोलण्यातून कळले. मी हात लावून पाहिले नाही.

दार उघडे राहिल्याने शेडातले सगळे प्रवासी आत आले. कोणी त्यांना अडवले नाही. भिंतीला टेकून बसले, लहान मुले फरशीवर पालथी झोपली, एका बाईने भाकरीचे फडके सोडले. काम मिळवण्यासाठी मी जे चित्र काढून दिले होते, त्यात अशीच माणसे काढली होती. शेषेराव पवळे सरही त्यांच्यात होते. त्यांनी भिंतीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभे राहिले. मग माझ्याजवळ येऊन म्हणाले, "म्या म्हणलो होतो, हे बिनकामाचं हाय. हे तर काम करायलंय की, बाई. मग बंद कशापायी ठिवलात?"



अॅम्ब्युलन्स येईपर्यंत कस्तुराबाईंनी डोळे उघडले होते. त्यांना गार जागेत ठेवले नसते तर अवघड होते, असे ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टर म्हणाल्याचे भागवतकडून समजले. तनुजाला सासूसोबत जायचे होते. पण गुत्तेदाराला मी फोन केला होता आणि त्याने पोलिसांना. पोलिसांची गाडी आली. पोलिसांनी मला विचारले, "म्याडम, कुणी?" मी तनुजाकडे बोट केले. कस्तुराबाई अॅम्ब्युलन्समधून एकट्या गेल्या. आत बसलेल्या प्रवाशांना उठवून बाहेर काढण्यात आले. मग मी ठाण्यात येऊन फिर्याद दिली. ती लिहून देताना मला खुर्ची आणि चहा देण्यात आला होता. तनुजा व्हरांड्यात खाली बसली होती.

तिला दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला. दर सोमवारी तिला हजेरीला यावे लागते.

फोटोग्राफरने चार दिवसांनी फोटो पाठवले. काच फुटण्याआधीचा जो फोटो आहे त्यात हॉल रिकामा आहे, फरशीवर जाळीची नक्षी आहे, आणि दरवाजाच्या काचेत खालच्या बाजूला एक अनवाणी पाऊल दिसते. सोबत त्यांचा निरोप होता की, तेवढे पाऊल काढून टाकता येईल, कळवा. मी कळवले नाही. तो फोटो मूळ स्वरूपात मी या जबाबासोबत हजर करत आहे. पुरस्कारासाठी काहीही पाठवलेले नाही.

कस्तुराबाईंना ग्रामीण रुग्णालयातून लातूरला सरकारी दवाखान्यात हलवले होते. मागील आठवड्यात मी तिथे त्यांना पाहायला गेले. घरी आईवडिलांना दुसरे काम सांगून गेले. तनुजा तेव्हा औषधे आणायला खाली गेली होती. मी कस्तुराबाईंना सांगितले, "मी बसस्टँडकडची आहे." त्यांना वाटले मी एसटीत नोकरीला आहे.

त्या उठून बसू लागल्या. मी झोपा म्हटले.

त्या म्हणाल्या, "बाई, ती काच लई भारी व्हती म्हणं. माझ्यापायी फुटली. सुनंला म्या लई बोलले, सरकारी वस्तूला असं दगड मारत्यात का म्हणून. तुमच्या सायबाला सांगा, पोरगी तशी न्हाई. घाबरली व्हती."

मी म्हटले, "सांगते."

मग त्या म्हणाल्या, "पर काय गार हाय वो आतून. मला तर कायच कळंना. डोळं उघडलं तर वर एवढं उंच, अन् भुईवर फुलं पडल्यावानी ऊन. म्या म्हणलं, मेले अन् देवळात आले. कुणी बांधलंय ते?"

मी कोणाचेही नाव सांगितले नाही. त्यांनी उशाशी असलेले केळे मला दिले. मी घेतले. तनुजा येण्याआधी मी तिथून निघून आले.

दरवाजाला सध्या प्लायवूड ठोकलेले आहे. उद्घाटनाची नवी तारीख ठरलेली नाही. प्रवासी शेडातच आहेत.

तरी माझे म्हणणे असे की, तनुजा सोळुंके हिने काच नुकसान करण्यासाठी फोडलेली नाही. तिने आधी भागवतमार्फत विचारले, मग दार वाजवले, आणि दोन्ही वेळा मी नकार दिला. तिच्यापुढे दुसरा मार्ग मी ठेवला नव्हता. तिच्यावरील कारवाई पुढे चालू नये अशी माझी विनंती आहे. खोटी फिर्याद दिल्याबद्दल माझ्यावर कारवाई होऊ शकते याची समज ठाणे अंमलदारांनी मला जबाब सुरू करण्यापूर्वी दिली आहे. ती मला मान्य आहे.

आज सोमवार असल्याने तनुजा हजेरीसाठी ठाण्यात आलेली आहे. हा जबाब तिच्यासमोर वाचावा असे मी सांगितले. अंमलदार म्हणाले, तशी पद्धत नाही. मी पुन्हा विनंती केल्यावर तिला आत बोलावले. ती बसली नाही, भिंतीशी उभी राहून तिने सगळे ऐकले. मध्ये एकदा तिने पदराने तोंड पुसले. वाचून झाल्यावर अंमलदारांनी तिला विचारले, "काही बोलायचंय का?"

तिने आधी नाही म्हटले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आत्याला ह्यातलं कायबी सांगू नका. घरी आल्यापासून समद्या वाड्यावस्तीला सांगत बसलीय ती, काय बसस्टँड हाय म्हणून. तिला ते लई आवडलंय."

तिचे हे बोलणे माझ्या सांगण्यावरून येथे जोडण्यात आले.

माझा वरील जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे संगणकावर टंकलिखित केला असून तो मोठ्याने वाचून दाखवण्यात आला आहे. त्यात खोडण्यासारखे काही नाही. सर्व मजकूर खरा असल्याने खाली सही करत आहे.

(सही)
दामिनी उमाशंकर बिडवे

समक्ष : ठाणे अंमलदार, पोलीस ठाणे चिंचोळगाव