लुसियासाठी थंड सूप

(अमरावती. मे महिन्यातली दुपार. स्वयंपाकघरात गोदाबाई आणि त्यांचे यजमान खुशालराव.)

खुशालराव : अन् गॅस काहून बंद हाये? कच्चंच देतं काय पाहुण्याईले?

गोदाबाई : सूपच तसं हाये ते. टमाटे, काकडी, ढोबळी मिरची, लसूण, सारं कच्चंच मिक्सरमधून काढाचं अन् फ्रीजमध्ये ठेवाचं. किशोरनं फोनवर सांगितलं. तिकडं स्पेनमध्ये उन्हाळ्यात घरोघरी हेच पेतात म्हने.

खुशालराव : फोडणी तरी देशीन ना?

गोदाबाई : देऊनच राहिली होती. जिरं हातात होतं माह्या. मंग आठवलं, पोरगा नाही म्हनला. वरून नुसतं कच्चं तेल.

खुशालराव : कच्चं तेल तर आपनही भाकरीवर घेतो. त्यात काय स्पेन! एवढा आटापिटा त्या पोट्टीसाठी?

गोदाबाई : नाव हाये तिले. लुसिया. लग्नाले तीन वर्सं झाले, तुमच्या तोंडून एकदाही नाही निघालं.

खुशालराव : लग्न आमाले इचारून केलं होतं काय त्यानं?

गोदाबाई : नाही केलं. पन आज पयल्यांदा दोघं घरी येऊन राहिले. संध्याकाळी बडनेऱ्याच्या स्टेशनवर उतरतात. आजही तुमी तोंड फिरवलं, तर किशोर पुन्हा नाही येनार. मले भेव वाटते हो.

खुशालराव : मी कुठं काय म्हनलो?

गोदाबाई : तेच तर. काही म्हनतच नाही तुमी. मी नवी नवरी होऊन नांदगावले आली, तो उन्हाळा आठवते? घास उतरत नव्हता. मायच्या हातची आंबील आठवे अन् रडू ये.

खुशालराव : मोरीत जाऊन रडे तू. आमच्या मायले वाटे, सून मुकीच आनली का काय.

गोदाबाई : अन् तुमी कोनाले न सांगता धारणीले गेले. माह्या मायजोळून किटलीभर आंबील आनली.

खुशालराव : घाटात एसटी अशी हले, अर्धी माह्या पायजम्यावरच सांडली. घरी येईस्तोर फसफसून गेली होती. फेकून दे म्हनलं तुले.

गोदाबाई : मी किटलीच तोंडाले लावली! तेवढी गोड आंबील पुन्हा कधी नाही पेली बाप्पा. तवा मले वाटलं, आता हे घर माहं. त्या पोरीलेही तसंच वाटावं, म्हून करून राहिली.

खुशालराव : ...या भगोन्यात काय भिजू घातलं?

गोदाबाई : पाव. त्यानं सूप घट्ट होते. शिळाच लागते म्हने. दुकानदार तर रागावलाच, काकू, आमच्याकडं शिळा माल नसते म्हने! मंग कालच आनून ठेवला.

खुशालराव : शिळा?

गोदाबाई : त्यांच्यात तसंच करतात.

खुशालराव : त्यांच्यात करू दे. नव्या सुनेच्या पयल्या ताटात शिळं वाढतात काय आपल्या घरी? काढ तो पाव. मी ताजा आनतो.

गोदाबाई : काय म्हनले तुमी?

खुशालराव : ताजा आनतो म्हनलं.

गोदाबाई : त्याच्या आंधी काय म्हनले?

खुशालराव : आता रडू नको. पदर सांभाळ, भगोन्यात बुडते. पाव आनून देतो अन् मी बडनेऱ्याले निघतो.

गोदाबाई : आत्ताच? गाडी तर संध्याकाळची हाये. बाहेर ऊन पाहा!

खुशालराव : असू दे. बसतो तिथं.