मोठ्या साहेबाच्या बोटाला सुई टोचल्याबाबत

आधी हे लिहून घ्या, नाव मग विचारा. मला गाडीत घालून इथं चौकीत आणलं, माझं जेवणाआधीचं इन्सुलिन कॅन्टीनच्या फ्रिजात राहिलं, आणि जमादार म्हणतात, "आजी, शांत बसा." शुगरच्या बाईनं उपाशी किती शांत बसायचं?

नाव साळूबाई कडूबा दांडगे, वय कागदावर त्रेसष्ट, धंदा कंपनीच्या कॅन्टीनला पोळ्या लाटणे, राहणार शेंद्रा. शिक्षण दुसरी, त्यातलीबी निम्मी.

समक्ष हजर राहून सांगते की, आमच्या कंपनीत शुगरवाल्या कामगारांसाठी दर गुरुवारी फहमिदा नावाची फार्मासिस्ट बाई येते. राहणार उस्मानपुरा. कॅन्टीनच्या कोपऱ्यात टेबल टाकून रक्त तपासते, कुठली गोळी कधी घ्यायची ते सांगते, इन्सुलिनचं पेन धरायला शिकवते. माझे मालक कडूबा यांना असं सांगणारं कुणी नव्हतं. त्यांचा पाय काढला. त्यापुढचं जबाबात नको.

काल मोठे साहेब पुण्याहून आले. ज्यांची शुगर उतरली त्यांचा सत्कार ऑफिसातल्या प्रणयनं ठेवला होता. आधी साहेबांसमोर तपासणी, मग पेढे, असं ठरलं होतं. साहेबांना परतीची घाई, म्हणून प्रणयनं पेढे आधी घेतले. शुगर उतरली म्हणून पेढा भरवायचा, एवढी अक्कल असलेल्या माणसाला कंपनीनं केबिन दिली आहे.

साहेबांनी एकेकाला आपल्या हातानं पेढा भरवला. उरलेला अर्धा ज्याच्या त्याच्या हातात. क्रेनवाला बद्रीनाथ तोंड फिरवत होता. प्रणय म्हणाला, "बद्रीभाऊ, तोंड उघडा, फोटो हलतोय." मोठ्या साहेबाच्या हातचं नको म्हणायची टाप कुणाची? त्यानं खाल्ला.

मग तीच पेढ्याची बोटं तपासायला घेतली. फहमिदा म्हणाली, "आधी हात धुवा." प्रणय म्हणाला, "मॅडम, वेळ नाही." सगळ्यांचे आकडे आभाळाला गेले. साहेबांनी फहमिदाला विचारलं, "म्हणजे वर्षभर आम्हाला खोटे आकडे दाखवले?" ती म्हणाली, "सर, हात धुवून परत बघू." प्रणय म्हणाला, "मॅडम, पुढच्या गुरुवारपासून येऊ नका." ती सामान पिशवीत भरायला लागली. मान वर केली नाय. बद्रीनाथच्या टाचेची जखम तिनं वेळेत पाहिली, म्हणून तो आज क्रेनवर चढतो. तोबी बुटाकडं बघत होता.

मी हाताचं पीठ झटकलं आणि गेले. पिशवीतून मशीन काढलं, नवी सुई लावली, साहेबांचं बोट धरलं. ते म्हणाले, "अहो, हे काय?" मी म्हणाले, "थांब बाळा," आणि टोचलं. बाळा म्हणाले हे खरं आहे, शिवी दिली नाय. साहेबांनी सगळ्यांना भरवलं, डायट म्हणून स्वतः कणभर खाल्लं नव्हतं. तरी आकडा चारशेच्या वर. साहेब खुर्चीत बसले आणि विचारलं, "आता मला काय होईल?" हे फहमिदाला विचारलं, प्रणयला नाय.

फहमिदानं त्यांना बेसिनवर नेलं, साबणानं हात धुवायला लावले, दुसरी नवी सुई घेऊन परत तपासलं. शंभराच्या आत आलं. साहेबांनी रुमालाला हात पुसले आणि गाडीत जाऊन बसले. तिच्या गुरुवारचं काय, ते सांगितलं नाय. आज प्रणयनं फिर्याद दिली की मी धारदार हत्यारानं हल्ला केला. हत्यार नखाएवढं आहे, जप्त करताना हरवू नका.

केल्याचं वाईट वाटतं का, असं जमादारांनी विचारलं. नाय.

वरचं सगळं मला मोठ्यानं वाचून दाखवलं. "बाळा" खोडू का, असं विचारलं, मी राहू द्या म्हणाले. बोलले तसंच उतरलं आहे, म्हणून खाली सही करते, वाकडी असली तरी माझीच. आता फहमिदाला चौकीत बोलवायचं नाय. तिचं टेबल परत कधी लागणार, ते मोठ्या साहेबानं स्वतः इथं येऊन सांगायचं. प्रणयला पाठवायचं नाय.